अळीचा वाटा

निवृत्त शिक्षकांच्या मेळाव्याला मी सहसा जात नाही. तिथं गुडघे आणि पेन्शन यांच्यापलीकडे विषय नसतो, आणि जेवणात हमखास बुंदी. पण यंदाचा मेळावा चिखलीतच होता, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, म्हणून गेले. व्याख्यानाला पुण्याहून एक तरुण बोलावला होता. गालावर चिकटवलेला बारका माइक आणि पायात पांढरे बूट. विषय होता ‘असामान्य यश मिळवणाऱ्या माणसांचे गुण’. साठी ओलांडलेल्या लोकांना हे कशाला ऐकवायचं ते मला अजून कळलेलं नाही. आमच्यासाठी आता असामान्य यश म्हणजे सकाळी पोट साफ होणं.

पोरगा बोलला मात्र झकास. जिद्द हवी म्हणाला, शिस्त हवी. यशस्वी माणूस काहीही वाया घालवत नाही, ‘जमणार नाही’ म्हणत नाही आणि हार तर कधीच मानत नाही. मग म्हणाला, “आता डोळे मिटा, आणि तुम्ही जवळून पाहिलेला असा एक माणूस नजरेसमोर आणा.”

मी डोळे मिटले, आणि समोर दिगंबर उभा राहिला. पांढरा पायजमा, खांद्यावर टॉवेल, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. माझं डोकं जे सणकलं ते बुंदीपर्यंत उतरलं नाही. त्या पोराला सांगावंसं वाटत होतं, की बाबा रे, तू सांगितलेले सगळे गुण त्या माणसात होते, एकही कमी नव्हता. तेच तर दुखणं आहे.

अमडापूरजवळ एका खेड्यात संस्थेची शाळा होती. बदलीची भानगड नव्हती, त्यामुळे माझी नोकरीची बहुतेक सगळी वर्षं त्याच गावात गेली. नवी होते तेव्हा एकट्या बाईला खोली द्यायला कोणी तयार होईना. दिगंबरनं दिली. “खोली रिकामीच पडून हाय, बाई. फुकट जाऊन राह्यली.” मला वाटलं, केवढा भला माणूस! भला होताही. पण खोली त्यानं माझ्यासाठी दिली नव्हती. रिकामी जागा त्याला बघवत नव्हती, म्हणून दिली होती.

“फुकट जाऊन राह्यलं” हे त्याचं वाक्य. कडक ऊन पडलं की तो अंगणात उभा राहून हळहळायचा, “एवढं ऊन फुकट जाऊन राह्यलं ना!” आणि मग त्याची बायको लीला मिरच्या, डाळी, जे सापडेल ते धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या छतावर, वाळत टाकायची. पारावर चार माणसं गप्पा मारताना दिसली की याचा जीव खालीवर. “काऊन बे, दिवस फुकट घालवता लेकाहो?” चहा पिऊन झाला की बशी बोटानं पुसायचा आणि बोट चाटायचा. माझ्या घरी असो की तहसीलदाराच्या समोर. त्याला त्याची लाज नव्हती, आणि लाज नव्हती याचं मला सुरुवातीला फार कौतुक वाटायचं.

कौतुक करण्यासारखं पुष्कळ होतं, ते मी कशाला नाकारू? शाळेत पोरं हात धुवायची ते पाणी नुसतंच अंगणात चिखल करायचं. एका रविवारी हा कुदळ घेऊन आला, भिंतीच्या कडेनं पाण्याला दांड काढला आणि पपया लावल्या. कोणी सांगितलं नव्हतं. पुढच्या वर्षी पोरं पपया खात होती. निम्म्या हा घरी न्यायचा, पण निम्म्या तरी पोरांना मिळाल्या, मुख्याध्यापकांच्या हातून तेवढंही झालं नव्हतं. गावात कोणाचं लग्न कुठं ठरलं, कोणाची म्हैस कधी व्याली, सगळं त्याला तोंडपाठ. आजाऱ्याला चिखलीच्या दवाखान्यात न्यायचं असलं की मोटरसायकल काढून तयार. येताना मात्र रिकामा येत नसे, कोणाचं तरी खताचं पोतं मागच्या सीटवर बांधून आणायचा.

भावांच्या वाटणीत त्याच्या वाट्याला बरड आलं होतं. बरड म्हणजे नुसता मुरूम आणि दगड. त्यात यानं विहीर खणायला घेतली. लोकांनी वेड्यात काढलं. हा दिवस उजाडायच्या आत खाली उतरायचा, उन्हं वर आली की दुसऱ्याच्या कामाला जायचा, परत येऊन पुन्हा खाली. वर रहाटाला लीला. दगडांची टोपली भरली की ती ओढायची. पोरीच्या वेळेस दिवस गेलेले होते तेव्हाही ओढत होती, मी स्वतः बघितलं आहे, आणि त्याच्याशी भांडलेही आहे. अनेक उन्हाळे असे गेले. शेवटी पाणी लागलं. चिखलानं माखलेला दिगंबर वर आला आणि त्यानं गावभर गूळ वाटला. त्या दिवशी माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला बोलू.

पुढं त्या विहिरीची गोष्ट त्यानं किती मांडवांत सांगितली असेल, देव जाणे. “ही हीर म्या एकट्यानं खोदली,” असं सांगायचा. टोपली बहुतेक आपली आपणच वर जात होती!

विहिरीनं बरड पालटलं. कपाशी डोक्याएवढी यायला लागली. आणि माणूसही पालटला, का आधीच तसा होता आणि आता दिसायला लागला, ते मला ठरवता येत नाही. त्या वावरात, म्हणजे शेतात, त्याच्याशिवाय कोणाचाही वाटा त्याला खपेना. ‘वाटा’ हा शब्द त्याच्या तोंडात खड्यासारखा यायचा.

आमच्या भागात कापूस फुटला की पहिल्या वेचणीआधी सीतादही करतात. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, एका झाडाखाली खडे मांडायचे, त्यांना हळदकुंकू वाहायचं, दहीभात ठेवायचा, आणि मगच बोंडाला हात लावायचा. त्यानं एका वर्षी ते बंद केलं. “दही पोटात गेलं तं कामाले येते. मातीत कायले घालता?” पुढच्या वर्षी वेचणीच्या सकाळी लीला माझ्याकडे वाटी घेऊन आली. “बाई, थोडं दही द्या. जेवाले लागते.” जेवणाचा डबा तिच्या डोक्यावरच्या टोपल्यात होता आणि दह्याची वाटी पदराखाली. दर वर्षी नेत राहिली, आणि मी कधी काही विचारलं नाही.

वेचणी आटपून बायका निघाल्या की दिगंबर धुऱ्यावर उभा असायचा. धुरा म्हणजे बांध. “बायांनो, लुगडे झटका.” लुगड्याला चिकटलेले धागे, पदराला अडकलेली कापसाची पिंजर. बायका आधी चिडायच्या, मग हसायच्या, मग झटकायच्या. तो सगळं गोळा करायचा, मूठभर व्हायचं. ती मूठ तो अशा अभिमानानं घरी आणायचा, की काय सांगू.

आणि सरवा. पीक निघाल्यावर वावरात जी चुकार बोंडं राहतात ती वेचून न्यायची, तो सरवा. ज्यांना जमीन नाही अशा बायकांचा तो हक्क. लिहिलेला कुठं नाही, पण कोणी अडवत नसे. दिगंबरनं अडवला. गावात गंगू नावाची एक म्हातारी होती, दर वर्षी त्या सरव्याच्या कापसाची एक गोधडी भरायची. ती धुऱ्यावर येऊन म्हणाली, “दिगंबर, तुह्या मायनं मले कदी अडवलं नाही रे.”

“म्हनूनच माय बरडात मेली,” हा म्हणाला.

मग ते सगळं वावर त्यानं एकट्यानं पुन्हा वेचून काढलं. ओटीभरही निघाला नसेल कापूस. मी शाळेतून येत होते, मला वाकलेला दिसला. गंगू धुऱ्यावर बसून बघत होती. हा माणूस पुढं जाणार, हे मला त्या दिवशी पक्कं कळलं, आणि मला त्याची पहिल्यांदा भीती वाटली.

बोंडअळीला मारणारी बीटी कपाशी आमच्याकडे आली ती त्यानंतर. बियाण्याच्या मोठ्या पुडीसोबत एक लहान पुडी यायची. तिच्यात साध्या कपाशीची सरकी, म्हणजे बी. ते कशाला, हे समजवायला कृषी खात्याचे एक साहेब आले. बैठक आमच्या शाळेच्या व्हरांड्यात झाली. साहेब म्हणाले, “ही लहान पुडी वावराच्या चारी कडांना लावायची. त्या ओळींवर अळी येईल, येऊ द्या. खाईल, खाऊ द्या. बीटी पचवणारी एखादी अळी उद्या निपजलीच, तर ती या साध्या अळ्यांमध्ये मिसळून जाईल, जोर धरणार नाही. साध्या अळ्या उरल्याच नाहीत, तर पचवणाऱ्यांची जोडी पचवणाऱ्यांशीच जमेल. मग सगळी जातच धीट होईल, आणि बीटीचा उपयोग संपेल.” सावकाश, समजेल असं बोलले. मराठी शिकवणाऱ्या मला कळलं, म्हणजे शेती करणाऱ्यांना कळलं नसेल असं होणार नाही.

दिगंबर उठला. “सायेब, म्हंजे वावर माहं, खत माहं, पानी माहं, अन् अळीले वाटा द्याचा?”

“तसं म्हणा हवं तर.”

“मंग चोरासाठी बी दोन ओळी लावू का?”

अख्खा व्हरांडा हसत सुटला. साहेबसुद्धा ओशाळून हसले. लहान पुडीचा निकाल त्या हशात लागला.

एकटे उस्मानचाचा हसले नव्हते. त्यांचं वावर दिगंबरच्या वावराला लागून, मधे एक धुरा. शांत माणूस, बोलायला लागला तर गमत्या. बाहेर पडताना म्हणाले, “पुडीवर लिवलं हाय, तं लावून टाकतो बाप्पा. चार ओळीनं मी काय भिकेले लागतो का?” आणि त्यांनी लावल्या. चारी कडांना साध्या कपाशीच्या ओळी, अळ्यांनी खाल्लेल्या, भोकं पडलेल्या. शेजारी दिगंबरचं वावर धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत गच्च बीटीचं.

त्या वर्षी दिगंबरला जे पीक आलं तसं आमच्या भागात कोणी पाहिलं नव्हतं. मग पुढच्या वर्षी, आणि त्याच्याही पुढच्या. धाडहून, मेहकरहून जीपगाड्या भरून लोक त्याचं वावर बघायला यायचे. हार, शाल, नारळ. एका बियाणेवाल्यांनी फाट्यावर त्याचा माणसापेक्षा मोठा फोटो लावला, हातात कापसाची ओंजळ. आमच्या गावाला जायचं तर लोक ‘फोटोच्या फाट्यावर उतरा’ म्हणायला लागले. हा गावोगाव भाषणं करायचा. विहीर, पहाटे उठणं, झटकलेली लुगडी, सगळं सांगून शेवटी आवाज चढवायचा, “अन् माह्या वावरात अळीले वाटा नाही!” टाळ्या थांबायच्या नाहीत. लोक घरी जायचे आणि लहान पुडी उकिरड्यावर फेकायचे. साहेबाचं कोण ऐकतं? साहेबाच्या वावरात काय पिकतं, कोणी पाहिलं होतं?

त्यात फरदड. हंगाम संपला की पऱ्हाटी उपटून टाकावी, म्हणजे अळीचं घर मोडतं. हा उपटत नसे. विहिरीचं पाणी देऊन उन्हाळ्यापर्यंत तीच पऱ्हाटी उभी ठेवायची आणि उरलीसुरली बोंडं काढायची, याला फरदड म्हणतात. “पानी हाय, झाड हाय, फुकट कायले घालू?” त्याचं बघून ज्याच्याकडे पाणी होतं त्यानं फरदड घेतली. अळीला बारा महिने घर मिळालं.

एक गंमत बघा. थेंबभर चहा वाया न घालवणारा हा माणूस ती लहान पुडी मात्र बेलाशक फेकून द्यायचा. आणि लीला ती उचलायची. तिच्याकडे एक मोठा पत्र्याचा डबा होता, त्यात वर्षानुवर्षांच्या पुड्या. मी विचारलं, “काय करणार आहेस गं त्यांचं?”

“काई नाही बाई. मले फेकवत नाही. कोनाचा तरी वाटा हाय ना तो.”

उस्मानचाचांच्या कडेच्या ओळींवरून मात्र गावाला करमणूक मिळाली. सुरुवात दिगंबरनंच केली. दूध डेअरीवर चाचा आले की, “काय चाचा, अळ्या बऱ्या हायत ना? लेकरंबाळं मजेत?” मग सगळेच. ‘अळीवाले चाचा’ नाव पडलं. माझ्या वर्गातली पोरं म्हणायला लागली तेव्हा मी एकेकाचा कान धरला. चाचा आधी स्वतःच हसत, उत्तरं देत. “हाव रे, परवाच एकीचा निकाह लावला.” मग उत्तरं थांबली. मग हसणं थांबलं. एका पावसाळ्यात त्यांच्या वावराच्या कडेलाही बीटी दिसली, धुऱ्यापर्यंत. मी म्हटलं, “चाचा, ओळी कुठं गेल्या?” ते म्हणाले, “मानूस किती वर्स हसू आयकून घेईन, बाई?”

गावातली ती शेवटची कड होती.

बीटी पचवणारी गुलाबी अळी पुढं आली ती एकट्या आमच्या गावावर आली नाही, चहूकडे आली. दिगंबरनंच सगळं केलं असं कोणी म्हणेल तर मी भांडेन. पण आमच्या गावात ती कोणाच्या पावलांवरून आली, हे सगळ्यांना माहीत होतं. बोंड बाहेरून असं टपोरं, हिरवंगार, की दृष्ट काढावी. नखानं उकललं की आत गुलाबी वळवळ. कापूस फुटलाच नाही, पिवळा, करपट, एकमेकांना चिकटलेला. त्याला आमच्याकडे कवडी म्हणतात. वेचणाऱ्या बायकांच्या हातांना खाज सुटायची, पुरळ यायचं. बायकांनी वेचायचं सोडलं. धुऱ्यावरून ‘लुगडे झटका’ म्हणायला समोर कोणी उरलं नाही.

दिगंबरला तोंडावर बोलायची हिंमत कोणाची नव्हती. एवढा फोटो फाट्यावर! मग जे बोलायचं ते लीलाला. लीला हापशीवर गेली की बाकीच्या बायका अर्ध्या भरलेल्या बादल्या उचलून चालू लागायच्या. एकीनं तिच्या पायाशी कवडीची टोपली ओतली, “घे, तुह्या नवऱ्याच्या गळ्यात हार घाल.” ती बिचारी खाली बसून ती कवडी टोपलीत परत भरत होती. तीस वर्षं ज्या बायकांच्या बाळंतपणांना धावली, ज्यांच्या पोरींच्या लग्नांत रात्रंदिवस पोळ्या लाटल्या, त्या बायका! मला इतका राग आला होता, आणि त्या बायकांवर राग धरताही येत नव्हता. त्यांचं वर्ष गेलं होतं.

संक्रांतीला लीलानं हळदीकुंकू केलं. अंगणात सडा, रांगोळी, तिळगुळाचं ताट, वाण म्हणून स्टीलच्या वाट्या. मी गेले. आम्ही दोघी बसून राहिलो. दिवेलागण झाली तरी दुसरं कोणी आलं नाही. तिनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं.

“बाई,” ती म्हणाली, “यायनं एक डाव म्हनाव, माहं चुकलं. बस. लोकं दोन दिवस शिव्या देतीन, मंग येतीन. मले कापूस नाही पायजे, फोटो नाही पायजे. मले मानसात बसू द्या.”

त्या रात्री नाही, दुसऱ्या सकाळी तिनं त्याला तेच सांगितलं. माझी खोली आणि त्यांचं घर यांच्यामध्ये एक बुटकी भिंत होती, ऐकू यायचंच. तो दात घासत होता. चूळ भरून म्हणाला, “येडी झाली का वं? चुकलं म्हनलं की मानूस तिथंच सरला. मी कदी थांबलो का? हीर खोदतांनी थांबलो का?”

“तवा टोपली मी ओढत व्हती,” लीला म्हणाली. एवढ्या वर्षांत मी तिच्या तोंडून ते पहिल्यांदा ऐकलं. त्यानं ते ऐकलं की नाही, मला माहीत नाही. मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला.

थोड्या दिवसांनी शाळेच्या व्हरांड्यात पुन्हा बैठक झाली. साहेब नवे होते. गाव लोटलं होतं. बायका मागं, खांबांशी, आणि त्यांच्यापासून जरा सुटी उभी लीला. साहेबांचं बोलणं झालं आणि कोणीतरी ओरडलं, “दिगंबरभाऊ, तुमी बोला ना आता!” सगळ्यांना एकच वाक्य हवं होतं. मी लीलाकडे बघत होते. तिनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं आणि ओठ हलत होते, जणू ते वाक्य तीच त्याच्या तोंडात घालत होती.

दिगंबर उभा राहिला. खिशातली पेनं सरळ केली. “मित्रहो,” म्हणाला, आणि तिथंच मला कळलं. व्हरांड्यात आपल्याच गावाला कोण मित्रहो म्हणतं? “मित्रहो, संकट कोनावर येत नाही? पन जो रडत बसला तो संपला. फवारनी येळेवर केली असती, तं हे झालं असतं का? तुमी कमी पडले. जिद्द कमी पडली. म्या तं ठरवलं, पुढच्या वर्सी दुप्पट जोमानं!”

टाळ्या पडल्या नाहीत. तो टाळ्यांसाठी थांबला, हे मात्र मी पाहिलं.

उस्मानचाचा बसल्या जागेवरून बोलले, आवाज न चढवता. “दिगंबर, मी अळीले भेलो नव्हतो रे. तुह्या हासन्याले भेलो.”

“चाचा,” दिगंबर हसून म्हणाला, “मागं पाहून मोटरसायकल चालत नाही.”

लीलाची मूठ सुटली. ती व्हरांड्यातून उतरली आणि बायकांच्या घोळक्याला वळसा घालून घराकडे गेली. कोणी तिला ‘थांब’ म्हटलं नाही.

आता तुम्हाला वाटेल, या माणसाचं पुढं वाटोळं झालं असेल. छे हो! यशस्वी माणसाचं असं होत नसतं. फाट्यावरचा फोटो काढला गेला, पण बोलावणी थांबली नाहीत. फक्त विषय बदलला. आधी ‘विक्रमी उत्पादन’ होता, आता ‘अपयशावर मात’. त्याच शाली, तेच नारळ. दुसऱ्या तालुक्यांतल्या लोकांना कुठं ठाऊक होतं, अपयश कोणाचं आणि मात कोणी केली ते! गावात त्याच्याशी कोणी फारसं बोलत नसे, पण गावात असायचाच कुठं तो? बोलणं टाकलं ते लीलाशी. तिचंच गाव बंद झालं.

मी निवृत्त झाले आणि खोली सोडली. श्रावणात एकदा राहिलेली भांडी आणायला गेले. लीला घरी नव्हती. दिगंबर मोटरसायकल पुसत होता. मला बघून खूश झाला, खरंच खूश झाला, आणि म्हणाला, “बरं झालं आल्या, बाई! चला, वावरात एक गंमत दाखोतो.”

गेले. कपाशी गुडघ्याच्या वर आली होती. आणि वावराच्या चारी कडांना पट्टा मोकळा, उघडा, माती नुसती. तणसुद्धा नव्हतं, कोणीतरी रोज निंदत असणार. एका कोपऱ्यात लीला हातात खुरपं घेऊन बसली होती. शेजारी तो पत्र्याचा डबा, रिकामा.

मला समजायला वेळ लागला नाही. इतक्या वर्षांच्या जपलेल्या सगळ्या पुड्यांतलं बी तिनं या पावसाळ्यात कडेनं टोचलं होतं. जुनं बी ते, वर्षानुवर्षं डब्यात पडलेलं. कशाला उगवतंय!

“यानं अडवलं नाही तुला?” मी तिला हळूच विचारलं.

“नाही अडवलं,” ती म्हणाली. “म्या म्हनलं, डबा फुकट अडून राह्यला. तं म्हने, टाकून दे.” मग माती चाचपत म्हणाली, “उस्मानचाचा परवा धुऱ्यावर उभे राह्यले व्हते, बाई. काई बोलले नाही. पन उभे राह्यले.” एवढ्यावर तिचा चेहरा उजळला होता. अळीचा वाटा ठेवला, तर माणसं कदाचित येतील, असं त्या बाईनं मनाशी धरलं होतं.

“पाह्यलं का, बाई?” दिगंबर मागून आला. त्याचा आवाज भाषणातला झाला होता. “चारी कडा पाहा. एक कोंब नाही! म्या तवाच सांगतलं व्हतं, त्या पुडीत काई दम नाही म्हनून. लोकं उगाच माह्या नावानं बोंबलले. हा पाहा पुरावा!”

मी म्हणाले, “दिगंबर, अरे, ते जुनं बी—”

“थांबा, थांबा, उजेड चांगला हाय.” त्यानं मोबाइल काढला. येत्या आठवड्यात मेहकरला त्याचं भाषण होतं, तिथं पडद्यावर दाखवायला त्याला हे हवं होतं. दोन पावलं मागं गेला, डोळे बारीक करून बघितलं. नुसती माती काही नीट दिसेना. “लीले, तू उभी राहाय त्या पट्ट्यात. मंधात. म्हंजे किती रिकामं हाय ते समजन लोकाईले.”

लीलानं माझ्याकडे पाहिलं. मग खुरपं खाली ठेवलं, हाताची माती लुगड्याला पुसली, पदर डोक्यावर घेतला आणि त्या उघड्या पट्ट्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. धुऱ्यापलीकडे उस्मानचाचांच्या वावरात कोणीही नव्हतं.

“हास ना वं जरा,” दिगंबर मोबाइल डोळ्यांसमोर धरून म्हणाला. “फोटो फुकट जाऊन राह्यला ना!”